आवडत्या लोकगायकाला पहिल्यांदा समोर बसून ऐकायला जाताना

स्वतः शब्द जुळवणारा, स्वतःच चाल बांधणारा आणि स्वतःच गाणारा लोकगायक खान्देशात आजही गावोगाव भेटतो. कोणी डफावर पोवाडा गाणारा शाहीर असतो, कोणी वहीगायन या खान्देशी समूहगायनाच्या मंडळाचा म्होरक्या, कोणी भीमगीते रचणारा कवी-गायक, तर कोणी अहिराणीत नव्याने लिहू लागलेला तरुण. हल्ली यांची पहिली ओळख मोबाइलवरच होते. चार-पाच मिनिटांचे एखादे गाणे ऐकता ऐकता पाठ होते, आवाज घरातल्या माणसाच्या आवाजासारखा ओळखीचा होतो, आणि मग एके दिवशी कळते की तोच माणूस आपल्या तालुक्यात येऊन गाणार आहे. अशा वेळी पहिल्यांदाच कार्यक्रमाला निघणाऱ्या रसिकासाठी हे लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी : आपण शब्द ऐकायला चाललो आहोत. दुसऱ्याने लिहिलेले गाणे गाणारा कलावंत शब्दांना हात लावत नाही, किंवा फार बेताने लावतो. स्वतःचे गाणे गाणाऱ्याला तसे बंधन नसते. तो समोर बसलेली माणसे पाहून एखादा अंतरा गाळतो, दुसरा नव्याने घालतो, त्या वर्षीच्या कापसाच्या भावावर दोन ओळी तिथल्या तिथे जुळवतो, गावाचे नाव यमकात बसवतो. ध्वनिमुद्रित गाण्यात हे काहीच सापडत नाही. खान्देशाला या प्रकाराची सवय जुनी आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी आधी ओठांवर जुळली आणि इतरांनी ती टिपून ठेवली म्हणून कागदावर आली. गाणे गाता गाताच घडते, हे ज्या मुलखाला इतके चांगले ठाऊक आहे, तिथल्या श्रोत्याने ते घडताना कान देऊन ऐकायला हवे. पुढे सांगितलेली सगळी तयारी, म्हणजे कार्यक्रम कोणता निवडावा, कधी पोहोचावे, कुठे बसावे आणि नंतर काय विचारावे, ही या एका हेतूसाठी आहे.

कार्यक्रम कसा शोधावा आणि कोणता निवडावा

लोकगायकांचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीनिमित्त सारंगखेड्याला तापीकाठी भरणारी घोड्यांच्या बाजाराची यात्रा, माघ पौर्णिमेची शिरपूरची खंडेरावाची यात्रा, चैत्र पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी भरणारी एकवीरा देवीची यात्रा, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा, या मोठ्या यात्रा सर्वांना माहीत असतात. त्यांच्याखेरीज गावोगावच्या लहान यात्रा, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, गणेशोत्सव, नवरात्र आणि अधूनमधून होणारी अहिराणी साहित्य संमेलने या निमित्तांनी कवी-गायकांना बोलावणी येतात. यात्रेची तिथी ठरलेली असली तरी इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे मागील वर्षीचा फलक पाहून कोणी निघू नये.

पहिल्या अनुभवासाठी मोठी यात्रा निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे एकीकडे आकाशपाळण्याचा भोंगा, दुसरीकडे खेळण्यांच्या दुकानांवरचे ध्वनिक्षेपक आणि मधून सतत फिरणारी गर्दी असते. गाणे ऐकू येते, पण शब्द हाती लागत नाहीत. त्यापेक्षा लहान गावाची यात्रा, जयंतीचा कार्यक्रम किंवा नाट्यगृहातली मैफल अधिक चांगली, कारण तिथे माणसे ऐकण्यासाठी म्हणून बसलेली असतात. जळगावचे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह किंवा धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर अशा बंदिस्त जागेत शब्द स्वच्छ पोहोचतात हे खरे; तरीही मला विचाराल तर पहिला मान लहान गावातल्या मोकळ्या पटांगणाला द्यावा. तिथला गायक श्रोत्यांची तोंडे पाहू शकतो आणि त्यांना पाहूनच तो शब्द बदलतो, तर नाट्यगृहातल्या अंधारात त्याला पुढच्या दोन रांगांपलीकडे फारसे काही दिसत नाही.

हळदीच्या किंवा लग्नाच्या घरी ठरलेला कार्यक्रम हा त्या घराचा असतो. तिथे आमंत्रणावाचून जाऊ नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाईच्या जागरणालाही हेच लागू आहे. त्या रात्रीची गाणी ऐकण्यासारखी असतात, मात्र ती देवीपुढची सेवा आहे, याचे भान ठेवून आणि घरच्यांनी बोलावले असेल तरच जावे.

गायकाच्या नावाचा फलक दिसला की यात्रा कमिटीतल्या किंवा जयंती मंडळातल्या एखाद्या माणसाला गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा करार, पक्की झाली आहे का. कारण फलक आधी लागतो आणि बोलणी नंतरही चालू राहतात. दुसरी म्हणजे गायक साथीदारांसह येणार आहे की ट्रॅकवर गाणार आहे. ही चौकशी फार महत्त्वाची आहे. तयार ध्वनिमुद्रित संगीतावर गाताना गाण्याची लांबी आधीच ठरलेली असते. अंतरा वाढवता येत नाही, थांबता येत नाही, दोन कडव्यांच्या मध्ये गोष्ट सांगता येत नाही. ट्रॅकवर गाणाऱ्याला मी कमी लेखत नाही, कारण साथीदारांचा खर्च प्रत्येक मंडळाला झेपतोच असे नाही. परंतु पहिल्यांदा ऐकायचे असेल तर ढोलकी किंवा डफ वाजवणारी माणसे सोबत असलेला कार्यक्रमच शोधावा, मग त्यासाठी आणखी दोन महिने थांबावे लागले तरी चालेल. तिसरी गोष्ट म्हणजे त्या रात्री आणखी कोण गाणार आहे आणि आपला गायक कितव्या क्रमांकावर आहे.

निघण्यापूर्वीची तयारी

आवडते एक गाणे निवडून त्याचे सगळे शब्द हाताने लिहून काढावेत. ऐकून पाठ झालेल्या गाण्यातही चार-दोन जागा आपण नुसत्या सुरावर ढकलत असतो, हे लिहायला बसल्यावरच लक्षात येते. अडलेले शब्द घरातल्या आजीला, आत्याला किंवा शेतावरच्या जुन्या माणसाला विचारावेत. मोट, नाडा, पाभर, वखर अशा शेतीच्या साधनांशी निगडित शब्द शहरात वाढलेल्या मुलांना माहीत नसतात, आणि लोकगायकाच्या ओळीतला अर्थ अनेकदा अशाच एखाद्या शब्दावर उभा असतो.

ज्यांचे बालपण सुरत, नाशिक, पुणे किंवा कल्याणकडे गेले, त्यांच्या कानांना अहिराणीचा सराव कमी असतो. त्यांनी घाबरून जाऊ नये. काही थोडे उच्चार ध्यानात ठेवले तर बरेच काही उलगडते. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून ‘डोळा’ हा ‘डोया’ आणि ‘काळा’ हा ‘काया’ होतो. ‘मला, तुला’ऐवजी ‘माले, तुले’ येते आणि ‘गावाचा’ऐवजी ‘गावना’. धुळे-नंदुरबारकडची बोली, जळगाव-भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातली लेवा बोली आणि सातपुड्यातल्या पावरी, भिल्ली बोली एकमेकींपासून वेगळ्या आहेत, तेव्हा आपला गायक कोणत्या बाजूचा आहे हेही माहीत करून घ्यावे. जमल्यास कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात त्या बाजूच्या एखाद्या ओळखीच्या माणसाशी फोनवर थोडे बोलावे.

त्याची सगळीच गाणी मात्र आधी ऐकून संपवू नयेत. काही गाणी मुद्दाम न ऐकलेली राहू द्यावीत. नवे गाणे पहिल्यांदा कवीच्याच तोंडून समोरासमोर ऐकण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

शाहिरीचा कार्यक्रम असेल तर त्याची बांधणी थोडी माहीत असावी. सुरुवातीला नमन किंवा गण होतो. मुख्य शाहीर डफ घेऊन उभा राहतो आणि मागे तुणतुणे, झांज, ढोलकी घेतलेले साथीदार असतात; शाहिराने ओळ टाकली की मागचे झीलकरी ती उचलून ‘जी जी रं जी’ म्हणत लांबवतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, लोकांकडे पाहतो आणि पुढची ओळ मनात जुळवतो. मधल्या गद्य निवेदनात तो कथा पुढे नेतो. शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते. अनेक श्रोते गाणे संपत आले असे समजून नेमके त्याच वेळी उठू लागतात, आणि ज्या ओळीत कवी ‘हे माझे आहे’ असे सांगतो तीच ओळ त्यांच्या कानांवरून निसटते. त्या कडव्यापर्यंत जागचे हलू नये. आपल्या गायकाचे नाव कसे येते, गावासह येते की गुरूच्या नावासह, हे ऐकण्यासारखे असते, कारण त्यातून त्याने स्वतःला कोणत्या परंपरेत बसवले आहे ते कळते.

जाणे-येणे आणि वेळ

अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, धरणगाव ही गावे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहेत. चाळीसगाव आणि पाचोरा मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर आहेत. धुळ्याला रेल्वेने जायचे तर चाळीसगावहून फाटा फुटतो. सारंगखेड्यासाठी दोंडाईच्याला उतरून शहाद्याच्या रस्त्याने जावे लागते. स्थानकापासून पुढचा प्रवास बहुधा एसटीचा असतो, आणि रात्री परतीची गाडी मिळेल असे गृहीत धरू नये. त्या गावाला मुक्कामी गाडी असेल तर संध्याकाळी तिनेच जावे आणि सकाळी तिनेच परतावे. रात्रीच्या निवाऱ्याचे मंडळाच्या माणसांशी आधीच बोलून ठेवावे. खेड्यात लांबून गाणे ऐकायला आलेल्या माणसाला ओटा किंवा देवळाचा सभामंडप नाकारला जात नाही, पण न कळवता कोणावर भार टाकणे बरे नव्हे. बायका आणि मुली जाणार असतील तर चार जणींनी मिळून जावे आणि परतीचे वाहन आधी ठरवलेले असावे.

उघड्या जागेवरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा, असे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. याचा श्रोत्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच की रात्रभर चालणाऱ्या जागरणाच्या जुन्या आठवणींवर विसंबून उशिरा जेवून निघू नये. कार्यक्रमाची दिलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुरुवात यांत अंतर पडते हे खरे, पण सुरुवातीपूर्वीचा अर्धा तास वाया जात नाही. डफाचे कातडे दमट हवेत सैल पडते, म्हणून तो शेकोटीवर तापवतात. ढोलकी सुरात लावतात. गायक साथीदारांशी हळू आवाजात काहीतरी ठरवत असतो. हे लांबून, त्यांना न टोकता पाहावे.

चैत्र-वैशाखात दिवसाचा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पटांगणाची जमीन संध्याकाळ उलटली तरी तापलेली राहते, म्हणून पाण्याची मोठी बाटली आणि बसायला जाड सतरंजी न्यावी. मार्गशीर्ष-पौषात नदीकाठी थंडी चांगलीच झोंबते. चादर, कानटोपी हवीच. जेवण आधी उरकावे. कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन आलेला माणूस दहापर्यंत स्वस्थ बसतो, तर उपाशी आलेला माणूस भज्यांच्या गाडीकडे जाण्यासाठी नेमका नव्या गाण्यावर उठतो.

कुठे बसावे

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण जागा चुकली तर बाकीची तयारी फुकट जाते. पहिल्यांदा आलेला श्रोता उत्साहाने मंचाला चिकटून, आणि बहुधा ध्वनिक्षेपकाच्या पेटीसमोरच जाऊन बसतो. तिथे ढोलकीचा ठोका छातीत बसतो आणि शब्द त्याखाली दबतात. शिवाय घरी परतल्यावरही कान बधिर राहतात. उलट फार मागे बसले तर वेगळीच अडचण येते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे मंचापासून १०० मीटरवर तो पाव सेकंदाहून अधिक उशिरा पोहोचतो. गायकाचे ओठ आणि ऐकू येणारा शब्द यांचा मेळ बसत नाही, आणि शब्द नीट ऐकण्यात ओठांचा जो मोठा आधार असतो तो नाहीसा होतो. पटांगणात मध्येच आणखी कर्णे लावलेले असतील तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

म्हणून मंचाच्या मध्यरेषेजवळ, दोन्ही बाजूंच्या पेट्यांपासून सारख्या अंतरावर, दहा ते वीस मीटर मागे बसावे. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी आणि वडीलधाऱ्यांसाठी असतात. त्यांच्या लगेच मागे सतरंजी टाकायला मिळाली तर याहून चांगली जागा नाही. बायकांची बसण्याची बाजू बहुतेक गावांत वेगळी असते आणि ती अनेकदा एका कडेला, पेटीच्या अगदी जवळ दिलेली असते. मंडळाच्या लोकांना आधी सांगितले तर ती मध्याकडे सरकवता येते, आणि हे सांगायला संकोच करू नये. भिंतीच्या किंवा पत्र्याच्या शेडच्या लगत बसू नये, कारण आवाज तिथून उलटा फिरून येतो. उंच माणसाने कडेला बसावे.

जागा धरली की शेजारच्या माणसाशी ओळख करून घ्यावी, आणि तो गावातलाच वयस्कर माणूस असेल तर फारच उत्तम. गायकाने गावातल्या एखाद्या घटनेवर ओळ टाकली, तर बाकी सगळे का हसले हे त्याच्याकडूनच कळते. मात्र ते दोन गाण्यांच्या मध्ये विचारावे.

गाणे चालू असताना

लोकगायकाला शांतता नको असते, त्याला प्रतिसाद हवा असतो. ओळ भिडली तर मोकळेपणाने ‘वा शाहीर!’ म्हणावे, टाळी द्यावी, झील धरण्याचा इशारा त्याने केला तर साथ द्यावी. एवढेच की आपल्याला पाठ असलेले गाणे त्याच्याबरोबर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत गात बसू नये. आपण ध्वनिमुद्रित गाण्याचे शब्द गात राहिलो तर त्याने बदललेला शब्द ना आपल्याला ऐकू येतो, ना शेजाऱ्याला. ध्रुवपद सगळ्यांचे असते, अंतरा मात्र त्याचा एकट्याचा.

फर्माईश करायची तर चिठ्ठीवर गाण्याचे पहिले शब्द आणि आपल्या गावाचे नाव लिहून सूत्रसंचालकाकडे द्यावी. लोकप्रिय गाणे तो न सांगताही गाणारच असतो, म्हणून त्याचे एखादे कमी ऐकलेले गाणे मागावे. कवीला त्याचा आनंद वेगळा असतो, आणि असे गाणे आठवताना तो अनेकदा ते कधी व कशावरून सुचले तेही सांगतो. बक्षिसी देण्याची आपल्याकडे रीत आहे. देणाऱ्याचे आणि गावाचे नाव घेऊन आभार मानले जातात. रक्कम लहान असली तरी चालते. ती गाणे संपल्यावर मंचापाशी जाऊन हातात द्यावी. गाणे चालू असताना मंचावर चढून नोटा नाचवणे किंवा उधळणे हा शब्दांचा आणि माणसाचाही अपमान आहे. बायका गात असतील तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

मोबाइलविषयी मी आग्रहाने सांगतो. एक छायाचित्र सुरुवातीला काढावे आणि मग तो खिशात ठेवावा. हात उंच धरून पडद्यावर पाहणारा श्रोता मागच्या दहा माणसांची दृष्टी अडवतो आणि स्वतःही धड ऐकत नाही. कायद्याचीही बाजू आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला. स्वतःपुरते ऐकण्यासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट आहे, पण संमतीशिवाय ते लोकांपुढे टाकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार समजून घ्यावा : जो कवी-गायक नवे गाणे आधी गावांत गाऊन पाहतो आणि मग ध्वनिमुद्रित करतो, त्याचे अर्धे घडलेले गाणे त्याच रात्री कोणी पसरवले, तर पुढच्या गावात तो ते गाण्याचे धाडस करणार नाही.

कार्यक्रमानंतर

भेटायला जावे, जरूर जावे, पण लगेच नव्हे. दोन-तीन तास गाऊन उतरलेल्या माणसाला पाणी, चहा आणि थोडी स्वस्थता हवी असते. साथीदार वाद्ये बांधू लागले म्हणजे जवळ जावे. वयाने मोठ्या कलावंताला आप्पा, नाना, बापू किंवा नुसते शाहीर म्हणावे, बरोबरीच्याला दादा, स्त्री-गायिकेला ताई किंवा माय. रामराम किंवा जय भीम, जसे त्यांचे अभिवादन असेल तसे करावे. ‘आप्पा, तुमनं गानं आयकाले उनू’ (तुमचे गाणे ऐकायला आलो) एवढे अहिराणीत म्हणता आले तर पुढचे बोलणे आपोआप सुरू होते. ढोलकीवाल्याला आणि झीलकऱ्यांनाही दाद द्यावी. त्यांच्याकडे सहसा कोणी जात नाही.

प्रश्न एकच विचारावा आणि तो शब्दांबद्दल असावा. ‘अमुक गाण्यात आज तुम्ही तिसरा अंतरा वेगळा गायलात, तो कधी जुळला?’ असा प्रश्न ऐकला की समोरच्या माणसाने खरोखर ऐकले आहे हे कवीला कळते. ‘आमच्या घरच्या कार्यक्रमाला दोन ओळी फुकट म्हणून द्या’ असे त्या जागी कधीही म्हणू नये. सुपारीची बोलणी व्यवस्थापकाशी, दुसऱ्या दिवशी करावीत. त्यांनी स्वतःच्या गीतांची पुस्तिका छापली असेल तर ती विकत घ्यावी आणि सुट्या पैशांसाठी अडू नये.

मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर झोपण्यापूर्वी वही उघडावी आणि आधी लिहून काढलेल्या गाण्याशेजारी त्या रात्री बदललेले शब्द टिपावेत. सकाळपर्यंत थांबले तर ध्वनिमुद्रित गाण्याचेच शब्द पुन्हा वर येतात आणि नवे पुसले जातात. शेजारी तारीख, गाव आणि प्रसंग लिहावा. ही टिपणे पुढे कुठे छापायची किंवा कोणाला पाठवायची असतील, तर आधी कवीला ती दाखवावीत. तो कदाचित एखादा शब्द दुरुस्त करील, किंवा तो अंतरा अजून पक्का झालेला नाही, तेव्हा थांबा असे सांगेल, आणि तसे सांगितले तर थांबावे.